आइस्क्रीम आणि उलथने

मागच्या दिवाळीला या सदरात मी फसलेल्या चकल्यांची हकीकत लिहिली, तेव्हा कित्येक भगिनींना ती वाचून फार बरे वाटले. लिहिणारीच्याही चकल्या मऊ पडतात म्हटल्यावर आपल्या मऊ पडलेल्या चकल्यांचे दुःख निम्मे होते! यंदा तक्रार नेमकी उलटी आहे. मऊ असावा असा पदार्थ कडक झाला, आणि इतका कडक झाला की माझ्या वहिनीचे चांगले जाडजूड उलथने वाकले.

माझे माहेर नांदगाव पेठेचे. अमरावतीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, नागपूर-मुंबई महामार्गाला लागून हे गाव आहे. पूर्वी अमरावतीकर मंडळी आमच्याकडे हुरडा खायला यायची. आता तिथे मोठी औद्योगिक वसाहत झाली आहे आणि गावाच्या शिवारात औष्णिक वीज केंद्र उभे आहे. पण उन्हाळा तोच. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो, आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवसांत माहेरी चार दिवस राहायला गेलेल्या नणंदेसाठी वहिनीने कौतुकाने आमरसाचे आइस्क्रीम घातले होते. बाहेरच्या बैठकीत पाहुणे आलेले, मुले वाट्या घेऊन ओळीने बसलेली, आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघी एका स्टीलच्या डब्याशी झुंजत होतो.

आधी चमचा वाकला. मग डाव घेतला, तो घसरला. मग वहिनीने उलथने घेतले आणि त्यावर बत्त्याचा एक घाव घातला. उलथन्याने मान टाकली, पण आइस्क्रीमने टाकली नाही! दादा बाहेरून ओरडला, “अहो, उन्हात ठेवा ना पाच मिनिटं, उन्हाला काय तोटा आहे?” तोही उपाय केला. पाच मिनिटांनी डब्याच्या कडेने आमरसाचा ओघळ वाहू लागला आणि मधला दगड तसाच तरंगत राहिला. शेवटी डबा गरम पाण्यात बुडवून तो गोळा ताटात उपडा केला आणि सुरीने त्याचे तुकडे पाडले. पाहुण्यांच्या वाटीत जे पडले ते वर बर्फाचे खडे आणि खाली गोड पाणी. पाहुणे सभ्य होते. “फारच छान,” म्हणत त्यांनी ते दाढेखाली कुडुमकुडुम चावले.

आत्याला वाटी दिली, तर तिने हात आखडता घेतला. आमची आत्या ऐंशीच्या घरातली, बाबांच्या पाठची.

“मले नको वं बाई. मले थंडं सोसत नाही.”

“काऊन आत्या? एक चमचा तरी घे.”

“नाही म्हनलं ना. खाऊ दे पोट्ट्याइले.”

हे काही नवे नव्हते. गेली चार-पाच वर्षे घरात आइस्क्रीम आले की आत्याला थंड सोसत नसे, आणि मग आम्ही तिच्या हातावर एखादा लाडू ठेवीत असू. तो ती निमूटपणे खाई. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

त्या रात्री उकाड्याने झोप येईना म्हणून मी पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात दिवा होता. आत्या पाटावर बसून वाटीतले काहीतरी चाखत होती. मला पाहून ती चोरी पकडल्यासारखी दचकली. वाटीत आइस्क्रीम होते!

“तुले थंडं सोसत नाही ना, आत्या?”

“हे सोसते,” ती म्हणाली. “मघाशी वाटीभर काढून खालच्या कप्प्यात ठेवून देलं होतं. आता पाह्य कसं नरम झालं. त्या दगडाले कोन चावते? कवळी हालते माही, न वरचे दोन राह्यले आहेत ते असे ठनकतात का बस!”

“मंग सांगितलं काऊन नाही कधी?”

“काय सांगू? पाहुने वाट पाहून राह्यले, पोट्टे आंगावर येऊन राह्यले, न मी म्हनू का, थांबा बाप्पा, माह्यासाठी नरम होऊ द्या?”

यावर मला उत्तर सुचले नाही. मी मुकाट्याने दुसरी वाटी घेऊन तिच्याशेजारी बसले. दुपारी जे आइस्क्रीम दाताला बर्फ आणि जिभेला बधिर वाटले होते, तेच आता आंब्याचे लागत होते. आम्ही दोघी सुगरणींनी सुरी, बत्ता, ऊन आणि गरम पाणी लावून जे साधले नाही, ते आत्याने वाटी खालच्या कप्प्यात ठेवून साधले होते.

पुण्याला परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. जे हाती आले आणि घरी करून पाहिले, ते आज वाचकांपुढे ठेवते.

आत्याने त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिच्या लहानपणी लग्नकार्यात किंवा पाडव्याला आइस्क्रीमचा लाकडी पॉट भाड्याने आणीत. मधल्या पत्र्याच्या उभ्या डब्यात आटवलेले दूध, भोवती फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ, आणि वरती फिरवायचा दांडा. पोरे पाळीपाळीने दांडा फिरवीत; हात भरून आले की दुसरा. “हांडल मीच जास्ती फिरवत होती,” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर अजून अभिमान होता. त्या आइस्क्रीमला कडकपणाचा दोष कधी लागला नाही. का लागला नाही, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

दांडा फिरवायचा हा पॉट मूळचा अमेरिकेतला. नॅन्सी जॉन्सन नावाच्या एका बाईने १८४३ साली त्याचे पेटंट घेतले. बर्फात मीठ घातले की मिश्रणाचे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते. प्रमाण साधले तर ते उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. पण आतले दूध सतत ढवळले जात असते, आणि दांडा फिरेनासा झाला की पॉट उघडायचा असतो. त्या वेळी आतले आइस्क्रीम उणे पाच-सहा अंशांवर, दाट आणि मऊ असते. आणि ते तिथल्या तिथे संपते! साठवायला जागाच नव्हती, म्हणून ते कडक व्हायला सवडही नव्हती.

मग घरात फ्रिज आला. आपल्या देशात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजने १९५८ साली बाजारात आणला. त्या काळच्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा फारसा थंड नसे. उणे सहापासून उणे बारापर्यंत त्याची मजल. त्यात आइस्क्रीम कसेबसे घट्ट होई, आणि ‘सेट झालं का गं?’ हा त्या वेळचा चिंतेचा प्रश्न होता. आजच्या दोन दारांच्या फ्रिजचा वरचा कप्पा उणे १८ अंशांवर चालतो. अन्न टिकण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आइस्क्रीम साठवावेही तिथेच. पण आइस्क्रीम खाण्याची थंडी ती नव्हे. आइस्क्रीमच्या दुकानात ज्या पेटीतून गोळे काढून देतात, ती साधारण उणे १२ ते उणे १५ अंशांवर ठेवलेली असते. म्हणजे दुकानदार जे काम आपल्यासाठी आधीच करून ठेवतो, तेच घरी करायचे राहून जाते. साठवण्याची थंडी वेगळी आणि वाढण्याची वेगळी, हे एवढे ध्यानात घेतले की उलथने वाचते.

चार-सहा अंशांनी एवढा फरक का पडावा? पाकाचे उदाहरण घेते, म्हणजे भगिनींना लगेच पटेल. साधे पाणी शून्य अंशाला गोठते, पण साखर विरघळलेले पाणी त्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही. आइस्क्रीम थंड होऊ लागले की आधी त्यातल्या नुसत्या पाण्याचा बर्फ वेगळा होतो, आणि मागे राहिलेला साखरेचा पाक दाट होत जातो. एकतारी पाकाचा दोनतारी व्हावा तसेच हे. फक्त चुलीवर पाणी वाफ होऊन जाते, इथे ते बर्फ होऊन जाते. दाट झालेला पाक गोठायला आणखी थंडी लागते. म्हणून उणे १८ अंशांवरसुद्धा सगळे पाणी गोठलेले नसते. साधारण तीन-चतुर्थांश गोठते, आणि उरलेल्या पाकामुळेच चमचा आत शिरण्याची काही आशा असते. तापमान थोडे वर आले की बर्फाचे बारीक कण कडेने विरघळतात, पाक वाढतो, आणि दगडाचे पुन्हा आइस्क्रीम होते.

यावरून वहिनीची पहिली चूक उमगली. दादाला मधुमेह आहे, म्हणून तिने साखर निम्म्यावर आणली होती. हेतू चांगला, पण साखर कमी म्हणजे पाक कमी, आणि पाक कमी म्हणजे बर्फ जास्त. ज्याला साखर वर्ज्य आहे त्याला आइस्क्रीम दोन चमचेच द्यावे. त्याच्यासाठी साऱ्या घराच्या आइस्क्रीमचा बर्फ करू नये.

दुसरी गोष्ट हवेची. आइस्क्रीम घोटताना त्यात हवा कोंडली जाते, आणि विकतच्या आइस्क्रीममध्ये ती चांगलीच असते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन निदान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. म्हणजे लिटरभर डब्यात अर्ध्या किलोहून थोडे जास्त आइस्क्रीम असले तरी ते नियमाला धरूनच आहे. बाकीची जागा हवेची! आपण दुधाच्या वजनाचा हिशेब करणारी माणसे. आपल्याला ही फसवणूक वाटते. पण थोडी हवा हवीच, कारण तिच्यामुळेच आइस्क्रीम हलके आणि मऊ राहते. घरी मिश्रण डब्यात ओतून तसेच गोठवले तर हवा मुळीच शिरत नाही, आणि तयार होते ती चौकोनी कुल्फी. कुल्फीला कडकपणा शोभतो, तिची ती रीतच आहे. दूध आटवून दाट केलेले, साचा तळहातांत फिरवून सोडवायचा, काडी धरून हळूहळू चाटायचे. पण आइस्क्रीम म्हणून वाटी-चमच्याने तीच वाढली की चमचा वाकतो.

तिसरी चूक वहिनीची नव्हे, वळवाच्या वादळाची. आदल्या संध्याकाळी वारा सुटला आणि गावातली वीज तीन तास गेली. वीज केंद्र शिवारात असले म्हणून वादळ थोडेच ऐकते? तेवढ्या वेळात आइस्क्रीम निम्मे सैल झाले, वीज आली तसे पुन्हा गोठले. चांगल्या आइस्क्रीममधले बर्फाचे कण इतके बारीक असतात की जिभेला ते जाणवतच नाहीत. मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून ते मोठे झाले की जीभ ‘खरखर’ म्हणू लागते. आइस्क्रीम सैल होऊन हळूहळू पुन्हा गोठताना नवे बारीक कण होत नाहीत. जुनेच कण पाणी ओढून घेऊन मोठे होतात, आणि कोंडलेली हवाही निघून जाते. म्हणून एकदा वितळून गोठलेले आइस्क्रीम आधी होते तसे पुन्हा कधीच होत नाही. ते आणखी कडक आणि खरखरीत होते.

आता मुख्य मुद्दा, नरम कसे करावे.

उत्तम उपाय आत्याचाच. डबा वरच्या कप्प्यातून काढून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवायचा. तिथे चार-पाच अंश तापमान असते. उन्हात किंवा ओट्यावर ठेवण्यापेक्षा हे बरे का, तर आइस्क्रीममधून उष्णता फार सावकाश जाते. त्यात हवा असते, आणि हवा म्हणजे गोधडीच. बाहेर चाळीस अंशांचा उन्हाळा असला की कडेचा भाग वितळून वाहू लागतो आणि ती बातमी मध्यापर्यंत पोचलेलीसुद्धा नसते. फ्रिजमध्ये उष्णता बेताबेताने शिरते, म्हणून कड आणि मध्य यांच्यात फार अंतर पडत नाही. पुलाव वाफेवर मुरवतो त्यातलाच हा प्रकार, फक्त उलट्या दिशेचा.

वेळ किती, हे डब्यावर अवलंबून आहे. आमच्याकडे विकतच्या अर्ध्या लिटरला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, लिटरला वीस ते तीस. घरच्या, हवा कमी असलेल्या आइस्क्रीमला याहून थोडा जास्त वेळ द्यावा. घड्याळ पाहायची आठवण राहत नसेल तर जेवणाच्या क्रमावर बांधून घ्यावे. पाने घेऊन वरणभात वाढला की लिटरचा डबा खाली उतरवायचा. मंडळी ताकभातावर आली की तो तयार असतो. अर्ध्या लिटरचा असेल तर पोळ्या संपत आल्या म्हणजे उतरवावा. झाला की नाही हे पाहायला चमचा मधोमध टोचून बघावा. फ्रिजमधल्या घट्ट श्रीखंडात शिरावा तसा, थोड्या जोराने पण न वाकता शिरला की काढायला घ्यावे. कडेला ओघळ दिसेपर्यंत थांबू नये.

पाहुणे अचानक आले आणि वाट पाहायला वेळ नसला, तर डबा ऊन करण्याऐवजी आइस्क्रीमचेच काप करावेत. डबा बाहेरून ओल्या फडक्याने पुसून आइस्क्रीम पाटावर उपडे करावे. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, बोटभर जाडीचे काप पाडावेत. पातळ काप सगळीकडून एकदम सैल होतो, त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. मुंबईला चर्चगेटजवळ के. रुस्तम यांचे १९५३ सालापासूनचे दुकान आहे. तिथे आइस्क्रीमची चौकोनी वडी दोन वेफरांच्या मध्ये घालून देतात. गोळे काढण्याची खटपट नाही, चमचा वाकण्याची भीती नाही. घरी मुलांना ही युक्ती फार आवडते.

चमच्याने गोळे काढायचे असतील तर शेजारी गरम पाण्याचा पेला ठेवावा. चमचा त्यात बुडवून, पण दर वेळी कोरडा पुसून घ्यावा. न पुसला तर त्यावरचे पाणी आइस्क्रीमवर पडून त्याचा तिथेच बर्फ होतो. आणि चमचा खाली खोल खुपसू नये, वरच्यावर ओढीत न्यावा. ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे त्यांनी अगदी मंद आचेवर दहा सेकंद, मग थांबून पाहणे, लागल्यास पुन्हा दहा सेकंद, एवढेच करावे. त्यात धातूचा डबा किंवा चंदेरी कागद चालत नाही, आणि घाई केली तर मधे खळगा पडून तिथेच दूध होते.

वाढायच्या वाट्या आधी फ्रिजमध्ये थंड कराव्यात. हे काम क्षुल्लक वाटते, पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मांडणीवरची स्टीलची वाटी हाताला कोमट लागते, आणि त्यात पडलेले नरम आइस्क्रीम क्षणात पातळ होते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाट्या असतील तर अधिक बरे.

उरलेल्या आइस्क्रीमची व्यवस्था वाढून होताच करावी. ‘सगळ्यांचे खाऊन होऊ दे, मग ठेवू’ असे म्हटले की ओट्यावर डबा निम्मा वितळतो आणि उद्याचा दगड तयार होतो. आइस्क्रीमच्या अंगालगत लोण्याचा कागद किंवा स्वच्छ प्लास्टिक दाबून बसवावे, वर झाकण लावावे, आणि डबा वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवावा. दाराशी ठेवला तर दार उघडताना दर वेळी त्याला ऊब लागते. याहूनही सोपे म्हणजे मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान, बसके डबे करावेत. लागेल तेवढाच उतरवावा, बाकीच्यांची झोपमोड नको. वीज गेली तर वरच्या कप्प्याचे दार मुळीच उघडू नये. ‘वितळलं का बघू’ म्हणून उघडणारेच ते वितळवतात.

आणि जे पूर्ण पातळ होऊन बाहेर राहिले, ते पुन्हा गोठवू नये. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते निजतात. वितळायला लागल्याचे लगेच ध्यानात आले तर ते थंड दुधात घुसळून मुलांना प्यायला द्यावे. पुण्याची मस्तानी तरी दूध आणि आइस्क्रीम यांच्याच जोडीची आहे. घरच्या मस्तानीला कोणी नावे ठेवत नाही.

घरी आइस्क्रीम करणाऱ्या भगिनींसाठी चार शब्द. आंब्याच्या रसात पाणी फार, म्हणून रस मंद आचेवर थोडा आटवून, पूर्ण गार करून घालावा. सायीचा हात आखडू नये. थंड साय हलक्या हाताने फेसून मिसळली की हवाही आपोआप शिरते. मिश्रण अर्धवट गोठले की बाहेर काढून चांगले घोटावे आणि पुन्हा गोठवावे. हे दोनदा केले तर दांडा फिरवल्याचे निम्मे पुण्य पदरात पडते. बाजारात मिळणाऱ्या जी.एम.एस. आणि सी.एम.सी. या पावडरी कित्येक घरांत वापरतात. त्या कण बारीक ठेवायला मदत करतात, पण प्रमाणाबाहेर घातल्या तर आइस्क्रीम चिकट होते.

विकतचे आइस्क्रीम घरी आणण्याबद्दलही बोलायला हवे, कारण पुष्कळदा ते दगड होते ते आपल्या फ्रिजमध्ये नव्हे, रस्त्यातच त्याची सुरुवात होते. दादा अमरावतीहून डबा आणतो तो पिशवीत टाकून; वाटेत दोन ओळखीचे भेटतात, एका ठिकाणी भाजी घेतो, आणि घरी येईतो डबा पिशवीत डुचमळत असतो. मग तो वर टाकला की दुसऱ्या दिवशी उलथने शोधायची पाळी. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरून कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. निघताना १८० टन बर्फ होता. पोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता! त्यांनी काही जादू केली नव्हती. बर्फ दाबून एकत्र भरला होता आणि उष्णतेला वाट मिळणार नाही असे जाड आवरण भोवती घातले होते. आपल्याला तर एका तासाचीच सोय करायची आहे. थर्मोकोलची पेटी असल्यास उत्तम. नसली तर वर्तमानपत्राचे सात-आठ थर आणि त्यावर जाड टॉवेल. दोन डबे असतील तर एकमेकांना चिकटवून गुंडाळावेत. आणि आइस्क्रीम सगळ्यात शेवटी घ्यावे, भाजी आधी.

इतके सारे केल्यावर मिळते काय? जिभेचा अनुभव सांगते. फार थंड पदार्थाने जीभ बधिर होते आणि गोडीसुद्धा कमी कळते. वितळलेले आइस्क्रीम एकदम अतिगोड का लागते त्याचे कारण हेच. म्हणून दगडासारखे आइस्क्रीम खाणाऱ्याच्या वाट्याला थंडी पुरेपूर येते आणि आंबा मात्र निसटतो. दहा-वीस मिनिटे थांबले तर त्याच डब्यात, त्याच पैशात, आंबा सापडतो.

आणि आमच्या घरी आणखी एक गोष्ट सापडली. माहेरहून निघायच्या आदल्या दिवशी वहिनीने पुन्हा आइस्क्रीम केले. साखर पुरती घातली, दोनदा घोटले, बसक्या डब्यात लावले. वरणभात वाढताना डबा खाली उतरवला. मुलांनी दोनदा विचारले, “झालं का?” वहिनी म्हणाली, “आत्याआजीचं झालं की तुमचं.” डबा उघडल्यावर पहिली वाटी आत्याला दिली. तिने सवयीने हात मागे घेतला, वाटीकडे पाहिले, चमच्याने जरा दाबून बघितले. “नरम आहे व्हय?” म्हणाली, आणि वाटी हातात घेतली. मग कोणाशी काही न बोलता तिने ती संपवली आणि पुन्हा पुढे केली.

घराघरांत अशी एखादी आत्या, आजी, आजोबा असतात. त्यांना काही सोसत नाही असे ते सांगतात आणि आपण ते चटकन खरे मानतो. आपल्याला ते सोयीचे असते. थंड सोसत नाही, कडक चावत नाही, तिखट झेपत नाही. यातले खरे किती आणि ‘तुमचा खोळंबा नको’ किती, हे कोणी विचारून पाहत नाही. विचारायला फार लागत नाही. कधी कधी वीस मिनिटेसुद्धा पुरतात.

भाऊबिजेला मी नांदगाव पेठेला जाणार आहे. ओवाळणीत दादाने काय घालावे हे मी कधी सांगत नाही. यंदा मात्र आधीच कळवले आहे. थर्मोकोलची एक पेटी, आणि वहिनीला एक नवे उलथने. उलथने कशाला, असे त्याने विचारले. पोळ्यांना, म्हणून सांगितले.